एक टन ऊस आणि चार टाकाऊ पदार्थ: साखर कारखान्यातील हरित धोरण समजून घेताना

गळीत हंगामात कारखान्याच्या गव्हाणीत एक टन ऊस पडला की त्यातून साधारण 100 ते 115 किलो साखर निघते. बाकीच्या उसाचे काय होते, हा प्रश्न सभासद शेतकऱ्यालाही फारसा पडत नाही, कारण त्याचा दर साखरेच्या उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर ठरतो. पण त्याच एका टनातून 280 ते 300 किलो बगॅस म्हणजे रस काढल्यावर उरलेला ओलसर भुसा, 35 ते 40 किलो प्रेसमड म्हणजे रस गाळताना मागे राहणारा काळपट गाळ, आणि 40 ते 45 किलो मळी म्हणजे साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरलेला दाट पाक, एवढा माल बाहेर पडतो. उरलेले बहुतेक पाणी असते. पुढे मळीपासून अल्कोहोल गाळले की स्पेंटवॉश नावाचे गडद तपकिरी सांडपाणी तयार होते, तो चौथा टाकाऊ पदार्थ. या चारही पदार्थांना आज सरकारी धोरणामुळे बाजारात काही ना काही किंमत आलेली आहे. महाराष्ट्रातील लाखो ऊस उत्पादकांच्या पैशाशी आणि पाण्याशी या धोरणांचा थेट संबंध असल्यामुळे ती नेमकी कशी चालतात, हे नीट समजून घेणे गरजेचे आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. टाकाऊ पदार्थात ऊर्जा आहे एवढ्याने तो कच्चा माल ठरत नाही. त्यातून वीज किंवा इंधन काढण्यासाठी कोट्यवधी रुपयांची यंत्रसामग्री लागते, आणि तयार होणारा माल कोण, किती दराने, किती वर्षे घेणार हे ठरल्याशिवाय कोणतीही बँक त्या यंत्रसामग्रीसाठी कर्ज देत नाही. सरकारच्या हातात यासाठी मुख्यतः चार साधने असतात: एखाद्या कंपनीवर खरेदीचे बंधन घालणे, खरेदीचा दर ठरवून देणे, कर्जावरील व्याज आणि कर यांत सवलत देणे, आणि प्रदूषण करणारा जुना मार्ग कायद्याने बंद करणे. साखर कारखान्याच्या आवारात ही चारही साधने एकाच वेळी वापरात असलेली दिसतात, म्हणूनच हरित उद्योगाचे धोरण शिकण्यासाठी याहून चांगले उदाहरण आपल्या राज्यात सापडणार नाही.

बगॅस आणि सहवीज

बगॅस जाळून वाफ करणे ही कारखान्यांची जुनीच पद्धत आहे. मात्र पूर्वीचे बॉयलर कमी दाबाचे होते, त्यामुळे सगळा बगॅस जाळूनही कारखान्याची स्वतःची गरज कशीबशी भागे. बॉयलरचा दाब वाढवला की तेवढ्याच बगॅसमधून टर्बाइन कितीतरी अधिक वीज निर्माण करते. आधुनिक प्रकल्पात उसाच्या टनामागे शंभराहून अधिक युनिट वीज मिळू शकते, आणि कारखान्याचा वापर वजा करून उरलेली वीज महावितरणला विकता येते. यालाच सहवीज निर्मिती म्हणतात.

महावितरणने ही वीज का घ्यावी? कारण विद्युत कायदा 2003 नुसार प्रत्येक राज्याच्या वीज नियामक आयोगाने वितरण कंपन्यांना ठरावीक हिस्सा अक्षय स्रोतांतूनच घ्यायला लावायचा असतो. देशपातळीवर हा हिस्सा 2029-30 पर्यंत 43.33 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. या बंधनामुळे दीर्घ मुदतीचे वीज खरेदी करार झाले आणि करार दाखवून कारखान्यांना कर्जे मिळाली.

पुढे सौर ऊर्जा स्वस्त झाली आणि गणित बदलले. सौर विजेच्या निविदा युनिटला अडीच ते तीन रुपयांच्या आसपास येऊ लागल्यावर जुने, चढ्या दराचे करार संपलेल्या सहवीज प्रकल्पांची वीज महाग दिसू लागली. ही तुलना मला अपुरी वाटते. सौर प्रकल्प दिवसा चालतो, सहवीज प्रकल्प हंगामात रात्रंदिवस चालतो आणि संध्याकाळी मागणी सर्वाधिक असतानाही वीज देतो. शिवाय तो ग्रामीण भागातच असल्याने वीज फार दूरवरून आणावी लागत नाही. दर ठरवताना केवळ युनिटची किंमत पाहिली, वीज कोणत्या वेळी मिळते हे पाहिले नाही, तर बगॅस पुन्हा कमी दाबाच्या बॉयलरमध्ये वाया जाण्याचा धोका आहे.

मळीचे इथेनॉल: तीन वाटा, तीन दर

पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे मळी किंवा रस आंबवून गाळलेले अल्कोहोल, मिसळण्याचा प्रयोग केंद्र सरकारने 2001 मध्ये तीन ठिकाणी केला, त्यांपैकी दोन ठिकाणे महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशातील आँवला. जानेवारी 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले, पण पुढची दहा वर्षे कार्यक्रम रखडतच राहिला. 2013-14 मध्ये मिश्रणाचे प्रमाण 1.53 टक्के एवढेच होते. तंत्रज्ञान तेव्हाही होते आणि मळीही होती. खात्रीचा दर मात्र नव्हता. डिसेंबर 2014 मध्ये केंद्राने दर ठरवून द्यायला सुरुवात केली. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून आणि अर्धवट साखर काढलेल्या मळीपासूनही इथेनॉल करायला मुभा दिली, कच्च्या मालानुसार वेगवेगळे दर आले, इथेनॉलवरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला गेला आणि आसवनी, म्हणजे अल्कोहोल गाळण्याचा प्रकल्प, उभारण्यासाठीच्या कर्जाच्या व्याजात सवलत मिळाली. परिणाम लगेच दिसला. जून 2022 मध्ये 10 टक्के मिश्रण गाठले गेले. 20 टक्क्यांचे उद्दिष्ट आधी 2030 चे होते, ते अलीकडे आणून 2025-26 करण्यात आले, आणि 2025 मध्येच तो टप्पा गाठल्याचे केंद्राने जाहीर केले.

कच्च्या मालानुसार वेगवेगळे दर म्हणजे काय, ते थोडे जवळून पाहू. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे काढण्याची क्रिया कारखान्यात टप्प्याटप्प्याने होते. शेवटच्या टप्प्यापर्यंत जवळपास सगळी साखर काढून घेतली की जी मळी उरते, तिला सी-हेवी म्हणतात. एक टप्पा आधीच थांबले तर मळीत जास्त साखर राहते, ती बी-हेवी. आणि साखर केलीच नाही, रस थेट आंबवायला घेतला, तर ती तिसरी वाट. 2024-25 च्या पुरवठा वर्षात या तिन्ही प्रकारांच्या इथेनॉलचे दर लिटरला अनुक्रमे 57 रुपये 97 पैसे, 60 रुपये 73 पैसे आणि 65 रुपये 61 पैसे होते.

आता एक टन उसाचा ढोबळ हिशेब मांडू. साखरेचा भाव किलोला 36 रुपये धरू आणि प्रक्रियेचा खर्च बाजूला ठेवू. सी-हेवीच्या वाटेने साधारण 105 किलो साखर आणि 10 लिटर इथेनॉल मिळते, म्हणजे 3,780 अधिक 580, एकूण 4,360 रुपये. बी-हेवीच्या वाटेने साखर 15 किलोने कमी होऊन 90 किलोवर येते, इथेनॉल 20 लिटरपर्यंत वाढते, आणि बेरीज 4,455 रुपयांपर्यंत जाते. रस थेट वापरला तर साखर शून्य, इथेनॉल सुमारे 70 लिटर, म्हणजे 4,590 रुपयांच्या घरात. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, आणि ते तसे असावेत अशाच बेताने दर ठरवलेले आहेत: साखर कमी केल्यामुळे होणारे नुकसान इथेनॉलच्या चढ्या दराने भरून निघावे, हा त्यामागचा विचार आहे.

मग कारखाने इथेनॉलकडे एवढ्या ओढीने का वळले? कारण पैसा लवकर मिळतो. साखर गोदामात पडून राहते, दरमहा किती साखर बाजारात आणायची याचा कोटा केंद्र ठरवते, आणि तोवर साखर तारण ठेवून घेतलेल्या कर्जावर व्याज चढत राहते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून साधारण तीन आठवड्यांत येतात. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान ऊसदर, ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत द्यावी, असा ऊस नियंत्रण आदेश 1966 चा नियम आहे. त्यातच एफआरपी 2018-19 मध्ये क्विंटलला 275 रुपये होती, ती 2025-26 साठी 355 रुपये झाली, तर साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरल्यानंतर या सगळ्या वाढीच्या काळात तिथेच थांबलेला होता. या कात्रीत सापडलेल्या कारखान्यांना इथेनॉलने श्वास घ्यायला जागा दिली, हे निःसंशय मान्य करावे लागेल. अनेक भागांत थकीत ऊस बिले कमी होण्याला इथेनॉलच्या पैशाचा हातभार लागला.

पण या तीन वाटांपैकी टाकाऊतून इंधन खऱ्या अर्थाने फक्त पहिल्या वाटेनेच होते. सी-हेवी मळीतून आणखी साखर काढणे परवडत नाही, म्हणून ती उरलेली वस्तू आहे. रसापासून केलेले इथेनॉल हे पिकापासून केलेले इंधन आहे. त्यासाठी ऊस लावावा लागतो, त्याला पाणी द्यावे लागते, आणि ती साखर माणसांच्या खाण्यातून कमी होते. सरकारी आकडेवारीत आणि जाहिरातीत मात्र या तिन्ही प्रकारांचे लिटर एकाच बेरजेत जातात आणि सगळेच सारखे हरित ठरतात. माझ्या मते या धोरणातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

ती उणीव 2023 च्या डिसेंबरात उघडी पडली. त्या वर्षी महाराष्ट्र आणि कर्नाटकात पाऊस अपुरा झाला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली, आणि 7 डिसेंबर 2023 रोजी, म्हणजे गाळप जोरात सुरू असताना, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली. आठवड्याभरात ती शिथिल करून 17 लाख टन साखरेएवढाच माल इथेनॉलकडे वळवण्याची मर्यादा घालण्यात आली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरमागे जवळपास 7 रुपयांचे प्रोत्साहन जाहीर झाले. पुढच्या हंगामासाठी निर्बंध उठवले गेले. ज्या कारखान्यांनी सरकारच्याच सांगण्यावरून कर्जे काढून आसवन्या वाढवल्या होत्या, त्यांचे हप्ते मात्र या काळात थांबले नव्हते. साखरेची टंचाई टाळणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु तुटवड्याच्या वर्षी काय होणार, हे हंगाम सुरू होण्याआधी लिहून ठेवता आले असते. साखरेचा साठा अमुक पातळीखाली गेला तर रसाची वाट बंद, मळीची वाट चालू, असा साधा नियम आधीच माहीत असता तर बँकांनी आणि कारखान्यांनी तेवढी जोखीम धरूनच गुंतवणूक केली असती.

स्पेंटवॉश: जिथे बंदीच उपयोगी पडली

एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश तयार होतो. घरगुती सांडपाण्याच्या तुलनेत त्यातील सेंद्रिय प्रदूषणाचा भार शेकडो पट असतो. आसवनीच्या आसपास राहणाऱ्या लोकांना जुन्या काळातील उघडी तळी, त्यांचा उग्र वास आणि विहिरींना येणारे तांबूस पाणी यांविषयी वेगळे सांगावे लागत नाही. येथे दराने किंवा सवलतीने काही झाले नसते, कारण सांडपाणी नाल्यात सोडणे नेहमीच सर्वांत स्वस्त असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आसवन्यांना एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट लागू केली, तेव्हा हालचाल झाली.

आता अनेक आसवन्यांत स्पेंटवॉशमधील पाणी बाष्पीभवनाने काढून घेतात, उरलेला घट्ट द्रव बगॅस किंवा कोळशासोबत खास बॉयलरमध्ये जाळतात, त्या वाफेवर आसवनी चालते, आणि मागे राहिलेल्या राखेत पालाश असते. भारत पालाश खतासाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. 2021 मध्ये केंद्राने मळीपासून मिळणाऱ्या या पालाशचा खत अनुदानाच्या योजनेत समावेश केला. उसाने जमिनीतून उचललेले पालाश पुन्हा शेतात जाण्याची वाट अशी तयार झाली. बंदीने सुरुवात करून नंतर अनुदानाची जोड देण्याचा हा क्रम मला या साऱ्या धोरणांत सर्वांत विचारपूर्वक ठरवलेला वाटतो. अर्थात अट कागदावर असणे वेगळे आणि रात्रीच्या वेळी नाल्यावर जाऊन पाहणे वेगळे. प्रवाह मोजणारी यंत्रे आसवन्यांत बसली आहेत, त्यांचे आकडे गावकऱ्यांना सहज पाहता येतील अशी सोय सगळीकडे व्हायला हवी.

प्रेसमडचा गॅस

प्रेसमड कुजवून मिळणारा बायोगॅस शुद्ध केला की तो सीएनजीच्या जागी वापरता येतो. याला सीबीजी म्हणतात. त्यासाठीची ‘सतत’ नावाची योजना केंद्राने ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू केली आणि तेल कंपन्यांनी हा गॅस विकत घेण्याची हमी दिली. ढोबळ मानाने 25 टन प्रेसमडमधून एक टन गॅस मिळतो, म्हणजे रोज 5,000 टन गाळप करणारा कारखाना दिवसाला सुमारे 8 टन गॅसपुरता प्रेसमड बाहेर टाकतो. शहरांना गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांवर 2025-26 पासून 1 टक्का, पुढे टप्प्याटप्प्याने वाढत 2028-29 पासून 5 टक्के सीबीजी मिसळण्याचे बंधन ठरवण्यात आले आहे.

अडचण हंगामाची आहे. गाळप साधारण चार-पाच महिने चालते, गॅसचा प्रकल्प मात्र वर्षभर चालला तरच परवडतो, आणि उघड्यावर ढीग लावून ठेवलेला प्रेसमड आपोआप तापून कुजत जातो, त्यामुळे त्यातला गॅस वापरण्याआधीच निघून जातो. दुसरी गोष्ट शेतकऱ्याशी निगडित आहे. प्रेसमड पूर्वी जवळपास फुकट मिळायचा आणि शेतात खत म्हणून पडायचा; गॅस प्रकल्पांची मागणी आली तशी त्याला किंमत आली. गॅस काढल्यानंतरच्या गाळात खताचे गुण बहुतांश टिकतात आणि त्याच्या विक्रीसाठी टनामागे 1,500 रुपयांचे साहाय्यही केंद्राने ठेवले आहे, पण तो गाळ ज्यांच्या शेतातून ऊस आला त्याच शेतकऱ्यांपर्यंत पोहोचेल याची व्यवस्था प्रत्येक प्रकल्पाने स्वतः उभी करावी लागते.

हिशेबात न धरलेले पाणी

नीती आयोगाच्या 2021 च्या इथेनॉल आराखड्यातच असे म्हटले आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी साधारण 2,860 लिटर पाणी लागते. यातले जवळजवळ सगळे पाणी शेतात लागते. कारखान्याला बाहेरचे पाणी फारसे घ्यावे लागू नये, कारण उसातच सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि वाफ थंड करून ते परत वापरता येते. त्यामुळे कारखान्याचे प्रमाणपत्र कितीही हिरवे असले, तरी पाण्याचा खरा हिशेब बांधावरच होतो.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि ती रेल्वे मिरजेहून निघाली होती. मराठवाड्यात त्याआधीच्या वर्षांत साखर कारखाने आणि उसाचे क्षेत्र वाढतच गेले होते. राज्य सरकारने 2017 मध्ये उसाला ठिबक सिंचन बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला, तो योग्य दिशेचा होता. परंतु इथेनॉलच्या दराशी त्याची सांगड कधीच घातली गेली नाही. ठिबकवरच्या उसापासून केलेल्या इथेनॉलला आणि पाटाने भिजवलेल्या उसापासून केलेल्या इथेनॉलला तेल कंपनी एकच दर देते. लिटरमागे एखादा रुपया जरी ठिबकच्या उसासाठी राखून ठेवला, तर कारखाने स्वतःहून सभासदांच्या शेतात नळ्या पोहोचवतील, कारण ऊस कोणाच्या शेतातून आला याची नोंद त्यांच्याकडे गटवार असतेच.

उसावरचा ताण कमी करण्यासाठी केंद्राने मक्यापासून इथेनॉल करण्याला चढा दर दिला, लिटरला 71 रुपये 86 पैसे. मक्याला पाणी बरेच कमी लागते आणि तो कोरडवाहू भागातही येतो, त्यामुळे हा निर्णय समजण्यासारखा आहे. 2023-24 मध्ये धान्यापासूनच्या इथेनॉलने उसाला मागे टाकले. त्याचबरोबर मक्याचा भाव चढला, कोंबडीखाद्य महागले आणि पूर्वी मका निर्यात करणारा आपला देश आयात करू लागला. मका उत्पादकाला चांगला भाव मिळाला याचे समाधान आहेच, मात्र येथेही टाकाऊ पदार्थाची जागा पिकाने घेतली, हे विसरता येत नाही.

सहकारी कारखान्याच्या सभासदाला वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी अहवाल मिळतो. त्यात साखरेचा उतारा आणि ऊसदर यांची पाने सगळेच पाहतात. त्याच अहवालातून किंवा सभेत विचारून आणखी काही आकडे मिळवता येतात: इथेनॉल तीनपैकी कोणत्या वाटेने किती लिटर झाले, टनामागे किती युनिट वीज विकली आणि कोणत्या दराने, स्पेंटवॉश जाळला जातो की साठवला जातो, प्रेसमड कोणाला किती रुपयांनी दिला, आणि सभासदांच्या एकूण ऊस क्षेत्रापैकी ठिबकवर किती आहे. रसाकडे वळवलेल्या उसाचा उतारा एफआरपीसाठी कसा धरला, हा प्रश्न तर थेट सभासदाच्या बिलाशी जोडलेला आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांसह इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा अधिकार त्याला आहे.